डावीकडचं यकृत

"सूज उजवीकडे आहे, म्हणजे पांथरीची," टेउनिस म्हणाला. "आणि पांथरीवर सुरी चालवू नये, असं तुम्हीच लिहिलंय, मास्तर."

तापाने फणफणलेल्या लाम्बर्टने दात खाल्ले. तो ॲम्स्टरडॅमच्या शस्त्रवैद्यांच्या संघाचा प्रमुख, आणि हा टेउनिस त्यानेच एकदा परीक्षेत नापास केलेला गडी. उपचाराला नेमका हाच यावा!

उशाशी लाम्बर्टचा ग्रंथ उघडा होता. चित्रात कातडी सोललेला माणूस ऐटीत उभा; त्याचं यकृत डावीकडे, पांथरी म्हणजे प्लीहा उजवीकडे. ही चित्रं लाम्बर्टने लायडनच्या एका प्राध्यापकाच्या पुस्तकातून ढापली होती. कोरणाऱ्याने ती दिसली तशी तांब्याच्या पत्र्यावर उतरवली आणि छापताना सगळी उलटी उमटली. चूक कबूल करायची तर चोरीही कबूल करावी लागली असती. म्हणून लाम्बर्टने ठोकून दिलं, की प्रेतं मी स्वतः फाडलीत, मी पाहिलं ते खरं. पुढे तर परीक्षेत यकृत उजवीकडे सांगणाऱ्याला तो परवानाच देईना. टेउनिसनेही दुसऱ्या खेपेला निमूट डावीकडे सांगितलं. असल्या मान तुकवणाऱ्यांची लाम्बर्टला किळस यायची.

परीक्षेला तोच ग्रंथ नेमलेला, म्हणून तो धडाक्याने खपला. पुस्तकवाल्याने हल्ली ग्रंथाच्या शेजारी छोटे आरसे टांगले होते. शिकायला येतात की नट्टापट्टा करायला, असं म्हणून लाम्बर्ट नाक मुरडायचा.

पुन्हा कळ आली. यकृतात पू झाला होता. तो आज बाहेर काढला नाही तर आपण मेलो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"काप, गाढवा!" तो ओरडला. "पांथरी नाही, यकृत आहे ते!"

"पण चित्रात तर..."

"चित्र उलटं आहे! चोरलेलं आहे! झालं समाधान?"

एवढं बोलून लाम्बर्ट हमसून हमसून रडू लागला. आयुष्यभर जपलेली अब्रू एका गाढवापुढे गेली होती.

टेउनिसने पिशवी उघडली. धार लावून आणलेली सुरी काढली, आणि तिच्याखालून एक छोटा आरसा. तो त्याने चित्राशेजारी उभा धरला. आरशातल्या माणसाचं यकृत मुकाट्याने उजवीकडे गेलं.

"रडताय काय, मास्तर? तुमच्या पुस्तकाबरोबर हा फुकट मिळतो."