साहेबाला बाधलेला रस्सा

सना मुजावर इंग्रज अधिकाऱ्यांच्या खासगी पत्रांवर पीएचडी करत होती. एका मेजरने विलायतेत बायकोला लिहिलेल्या पत्रात तिला त्याच्या कोल्हापुरी आचाऱ्याचं नाव सापडलं, केरबा वडणगेकर. तिचा शाळेतला मित्र, मटणाच्या खानावळीचा मालक सम्राट, याच केरबाचा पणतू.

सना पत्राची प्रत घेऊन खानावळीत पोचली, तोवर पत्रात पणजोबांचं नाव असल्याचं तिच्याकडून फोनवर ऐकून सम्राटने अख्खी तालीम गोळा केली होती.

"आमच्या पणजोबांच्या रश्श्याची कीर्ती पार लंडनला गेलती," तो येईल त्याला सांगत होता. "सना, वाच की मोठ्यानं. मराठीत सांग."

"मागनं वाचूया की," सना हळूच म्हणाली. "तू एकट्यानं ऐक आधी."

"का? आपल्या माणसांपासनं काय लपवायचं हाय? वाच."

तिने नाइलाजाने वाचलं. 'प्रिये, केरबाचा तांबडा रस्सा खाल्ल्यापासून मी अंथरुणाला खिळलोय. पलटण माझ्याविनाच मोहिमेवर गेली. हा माणूस करतो तो स्वयंपाक नव्हे, सरळ घातपात आहे.'

मागच्या बाकावर दोघं-तिघं फिस्सकन हसले. सम्राटचा चेहरा पडला. "ही प्रत माझ्याजवळ ऱ्हाऊ दे," एवढंच तो म्हणाला. आपण उगीच पत्र आणलं, असं सनाला घरी जाईपर्यंत वाटत राहिलं.



दुसऱ्या दिवशी चौकात भलामोठा डिजिटल फलक लागला: 'इंग्रजांच्या मेजरला एकहाती आडवा करणारे थोर स्वातंत्र्यसैनिक, क्रांतिवीर केरबा वडणगेकर यांना विनम्र अभिवादन!'