दरवाजा बंद

"दार मीच लावलं," सहदेव एकदाचा बोलून गेला, आणि पार्बताबाईच्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली.

अकोल्याच्या भाजीबाजारात, भर दुपारी, तो तिच्या दुकानासमोर उकिडवा बसला होता. तिचा मुलगा शेषराव आणि तो, दोघेही कापसाच्या जिनमध्ये बॉयलरवर कोळसा मारणारे. लढाई लागली तसे सोबतच जहाजाच्या भट्टीवर गेले. परत आला तो एकटा. आल्यापासून चार दिवस तो सगळ्यांना एकच सांगत होता, की शेषराव झटक्यात गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. म्हातारीचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. मग तू कसा वाचलास, एवढंच ती विचारी.

आज त्याच्यानं खोटं बोलवेना. जहाज सुरुंगावर आदळलं, भट्टीच्या खोलीत समुद्र घुसला. वरून बोलायच्या नळीतून हुकूम आला, लोखंडी दार लावा. ते उघडं राहिलं असतं तर जहाजावरची दीडशे माणसं बुडाली असती. सहदेव दाराबाहेर होता. शेषराव आत, दहा-बारा पावलांवर, कमरेइतक्या पाण्यात. जहाजावरचा कायदा असा, की हुकूम ऐकणाऱ्यानं तो जसाच्या तसा ओरडून परत म्हणायचा. आतून उत्तर आल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही.

"मी आवाज देला, दरवाजा बंद," सहदेव म्हणाला. "तो गप राहिला असता तर मले थांबा लागलं असतं, मावशी. पुन्हा आवाज द्या लागला असता. तेवढ्यात तो दारापाशी पोचला असता."

"मंग?"

"त्यानं आतून म्हटलं. दरवाजा बंद."

म्हातारी आता शिव्या घालील, तोंडावर थुंकेल, असं त्याला वाटलं. तीही तयारी ठेवूनच तो आला होता, पण मान काही वर होईना.

एक गिऱ्हाईक मेथीचा भाव विचारत होतं. पार्बताबाईला ते ऐकूच गेलं नाही.

"जेवाले बोलवलं तरी तीन तीनदा हाका माराव्या लागे त्याले," ती म्हणाली. मग तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "तिथं पहिल्याच हाकेले ओ देली त्यानं?"