चौथ्या मजल्याचं पाणी

"ताई, आज तुमी तोंड उघडायचं नाय," हरेशशेठ हसत म्हणाले. "आज ह्यो डबा बोलंल."

गीतांजलीने मान हलवली. तिला तेच हवं होतं.

डबा म्हणजे कॉम्प्युटर. अभिराम नावाच्या विक्रेत्याने तो सकाळी रिक्षातून आणून शेठच्या नेरूळमधल्या चिंचोळ्या एस्टेट एजन्सीत मांडला होता. जेवणाच्या सुट्टीत गीतांजलीने स्वतः त्याला रजिस्टर वाचून दाखवलं होतं. भाड्याच्या साठ खोल्या. सेक्टर, मजला, भाडं, चावी कोणाकडे. डबा पसंत पडला तर गिऱ्हाईक कोणीही सांभाळलं असतं आणि तिला पाचला निघता आलं असतं. एरवी गिऱ्हाइकं यायची संध्याकाळी, आणि अर्धीअधिक माहिती तिच्या डोक्यात. रोज साडेसात व्हायचे. शेवंताबाईंच्या पाळणाघरात तिचा अडीच वर्षांचा पार्थ पाच वाजले की बूट मागायचा, आणि ते उलटसुलट घालून दाराशी बसून राहायचा.

"सेक्टर दहा, वन रूम किचन," शेठनी परीक्षा घेतली.

अभिरामने बटणं दाबली. तिन्ही खोल्या गीतांजलीच्या जिभेवर आल्या होत्या. तिने ओठ मिटून घेतले. पडद्यावर सावकाश तीन ओळी उमटल्या. बरोबर.

"च्यायला," शेठ खुर्चीत पुढे सरकले. "घेऊनच टाकू काय?"

तेवढ्यात एक जोडपं आत आलं. बाईला आठवा महिना असावा. खोली हवी होती, लगेच, आणि स्वस्तातली. अभिरामने पुन्हा बटणं दाबली. चौथा मजला, आजच रिकामी, भाडं सगळ्यात कमी.

"चालेल," बाई नवऱ्याकडे बघत म्हणाली. "जिने काय, चढेन हळूहळू."

शेठनी खिळ्यावरची चावी काढली.

गीतांजलीने रजिस्टर उघडलं, मिटलं. बाईचे पाय सुजले होते. चपलेचा पट्टा बसत नव्हता, तिने तो टाचेखाली दाबला होता.

"तिथे पाणी चढत नाही," गीतांजली म्हणाली. "तिसऱ्यापर्यंतच येतं. वर बादल्या न्याव्या लागतात. बाराव्या सेक्टरात सरस्वतीबाईंची तळमजल्याची खोली आहे, महिनाअखेरीला सुटतेय. भाडं तेवढंच. थांबा थोडं."

मग शेठनी टेबलावर थाप मारली.

"बगा सायेब! ह्यो आमचा कॉम्प्युटर. चाय बी पितो!"

"पाण्याचा वेगळा कॉलम करता येतो," अभिराम घाईने म्हणाला. "मॅडमनी एकदा सांगितलं की कायमचं आत."

"कशाला? ताई हायत ना." शेठनी चावी परत खिळ्याला लावली. "ताई, तुमच्या घरी फोन घेऊन देतो. माज्या खर्चाने. म्हंजे रविवारी पन अडायला नको."

अभिराम वायरी गुंडाळू लागला. प्लॅस्टिकच्या कव्हरचं एक टोक गीतांजलीने धरलं.

जाताजाता बाईने तिचा हात हातात घेतला. "देवासारख्या भेटलात हो ताई. महिनाअखेरीला येतो. यांची कंपनी तुर्भ्याला, सातला सुटते. तेव्हा असाल ना तुम्ही?"

घड्याळात पाच वाजून गेले होते. पार्थने बूट मागितले असतील.

"असते," ती म्हणाली.