सत्तेचाळीस सेकंद

हाइके सिस्टरने पाकीट फोडून आतली चिठ्ठी वाचली, "कॅमेरा."

ऋचाचा चेहरा उजळला. डॉ. नागेशनी ते बरोबर टिपलं. ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

टेबलावर चार वर्षांचा मुलगा भूल घेऊन झोपला होता. टॉन्सिल काढायचे होते. अशा मुलांच्या श्वासनळीत ट्यूब घालताना जीभ उचलून धरायला साधं ब्लेड बरं की कॅमेऱ्याचं, याचा अभ्यास फ्रँकफर्टच्या त्या हॉस्पिटलात महिनाभर चालला होता. कुठलं ब्लेड वापरायचं ते पाकिटातली चिठ्ठी ठरवायची. एका डॉक्टरने ट्यूब घालायची, दुसऱ्याने स्टॉपवॉच धरायचं. घड्याळवाल्याने बोलायचं नाही. बोलला, तर ती केस अभ्यासातून बाद.

ऋचाने ब्लेड तोंडात सरकवलं. नागेशनी बटण दाबलं.

स्क्रीनवर घसा दिसू लागला. गुलाबी, ओला, आणि मधोमध स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्या. वीस वर्षं हे फक्त त्यांना दिसायचं. वाकून, एक डोळा मिटून, एकट्याला. "दिसलं," एवढंच ते म्हणायचे आणि सगळे त्यावर विश्वास ठेवायचे. आता हाइके बघत होती. हात धुऊन आलेला सर्जनही बघत होता.

"आख् सो! असं होय!" हाइके हसली. "म्हणजे एवढी वर्षं तुम्ही हे बघत होतात, डॉक्टर!"

नागेश हसले नाहीत.

वीस सेकंद झाले. ट्यूबचं टोक पट्ट्यांपाशी आलं आणि बाजूला आपटलं. पुन्हा आपटलं.

काय चुकतंय ते नागेशना कळलं होतं. ब्लेड फार आत गेलं होतं. जरा मागे घेतलं की ट्यूब सुळकन गेली असती. एका वाक्याचं काम. 'नियम आहे,' ते मनात म्हणाले आणि त्यांना बरं वाटलं. तिसाव्या सेकंदाला आणखी बरं वाटलं. सकाळी साध्या ब्लेडने त्यांना एकोणीस लागले होते.

मुलाचा ऑक्सिजन नव्व्याण्णववरून पंच्याण्णववर आला.

ऋचाने मान वळवली. मॉनिटरकडे नाही, त्यांच्याकडे. ते घड्याळाकडे बघत राहिले.

मग तिने स्वतःच ब्लेड थोडं मागे ओढलं. ट्यूब आत गेली.

"सत्तेचाळीस," नागेश म्हणाले. आवाज जरा जास्तच खणखणीत निघाला.

ऋचाने आकडा लिहून घेतला.

पुढची तीन वर्षांची मुलगी. ट्यूब घालायची पाळी नागेशची. हाइकेने पाकीट फोडलं. पुन्हा कॅमेराच.

मुलगी झोपली. नागेशनी ब्लेड उचललं. स्टॉपवॉच हातात घेऊन ऋचा त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि मराठीत, त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाली,

"सर, ट्यूब अडली तर मी बोलणार हं. केस बाद झाली तर झाली."