थांबा

"वळण आलं. बेल वाजव," दोघांनी चालवायच्या सायकलवर मागे बसलेले आबा म्हणाले. डोळे गेले, तरी ही वाट त्यांना पाठ होती. रूळ उखडून नदीकाठी सायकलमार्ग झाला, त्याआधी त्यांनी इथूनच आगगाडी चालवली होती.

पुढे बसलेल्या सुनेने बेल वाजवली. खाली पाण्यात म्हशी धुणाऱ्या म्हातारीने वळूनही न बघता हात वर केला.

"तिने हात केला का गं?"

"केला, आबा."

"आहे म्हणायची अजून." त्यांनी नदीकडे तोंड वळवलं. "मी शिट्टी दिली की ही म्हशी रुळांवरून हुसकायची आणि हात करायची. त्या हाताच्या भरवशावर माझी नोकरी निभावली. एकही मुकं जनावर गाडीखाली आलं नाही."

सायकल वळण ओलांडू लागली, तसा त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला.

"गाडीला इथे थांबा नव्हता, पोरी. आज थांबव."