कोनफ्लॉवरची बादली

नर्सने वजनकाटा बघितला, पुन्हा बघितला आणि म्हाताऱ्याच्या बायकोला विचारलं, "पाणी मोजूनच देता ना?"

म्हाताऱ्याचं वजन परत वाढलं होतं. ते मांस नव्हतं, पाणी होतं. थकलेल्या हृदयाला उपसता न आलेलं. असंच साठत गेलं तर छातीत शिरेल, मग आमच्या हातात काही नाही, असं नर्स चपला घालता घालता सांगून गेली. बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. ती तर घोट घोट मोजत होती. लोक दुधाची तहान ताकावर भागवतात. ही नवऱ्याची पाण्याची तहान ओठांवर ओलं फडकं फिरवून भागवत होती. नळ यायचा फक्त पहाटे, आणि प्यायचं भरलेलं सगळं पाणी स्वयंपाकघरात, तिच्या नजरेखाली.

काही सुचेना म्हणून ती मागच्या अंगणात गेली. भिंतीलगत नवऱ्याची कोनफ्लॉवरची झाडं होती. मधोमध काटेरी गोंडा आणि खाली झुकलेल्या गुलाबी पाकळ्या. एक दांडा सरळ करायला गेली, तर तो अख्खा हातात आला. बुडाशी काळा, बुळबुळीत. शेजारचाही तसाच.

आजूबाजूच्या बागा उन्हाने करपून गेल्या होत्या, आणि हिची झाडं कुजली होती.

म्हातारा जन्मभर दुसऱ्यांच्या बागा राखत आलेला माणूस. उन्हाळ्यात या झाडांना कुणी पाणी घातलं की अंगावर धावून जायचा. मुळं खोल गेलीत, त्यांचं ती बघतील, उगाच लाड करू नका, म्हणायचा. आणि हल्ली तोच रोज सकाळी तिला एक बादली भरून अंगणात ठेवायला सांगायचा. ऊन उतरलं की मी झाडांना घालतो म्हणे. तिला बरंच वाटलं होतं. चला, माणसाचा कशात तरी जीव रमतोय. संध्याकाळी बादली रिकामी असायची. थोडी याच्या पोटात आणि बाकीची झाडांच्या बुंध्याशी, म्हणजे कुणाला संशय नको.

आजचीही बादली भिंतीच्या सावलीत भरलेली होती. तिने ती उचलली, तेव्हा तो सुजलेल्या पायांवर दारापर्यंत आला होता, चौकट धरून.

"राहू दे ती तिथे."

"मरायचंय का तुम्हाला?"

"तो डॉक्टर तुला पाणी मोजायला सांगतो आणि स्वतः घरी जाऊन पोटभर पाणी पितो," तो म्हणाला. "एक ओंजळ दे. एकच."

तिला भयंकर राग आला, आणि रागाइतकीच त्याची दयाही आली. मोरी घरात होती. तिथे बादली न्यायची तर त्याला ओलांडून जावं लागलं असतं, आणि तेवढ्या वाटेत आपला धीर सुटणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुजलेल्या झाडांखालच्या चिखलात पाणी मुरलं नसतं, वरच साचून राहिलं असतं. कोपऱ्यात एक झाड अजून ताठ उभं होतं. ती तिकडे वळली.

"तेवढंच राहिलंय," तो म्हणाला.

"जाऊ दे. मला झाडं नकोत, तुम्ही हवे आहात."

तो हळूहळू उंबऱ्यावर बसला. तिने बादली उपडी करायला वर घेतली.

"एकदम नको ओतू," तो म्हणाला. "हळू ओत. आवाज तरी ऐकू दे."

तिने बादली जराशी कलती केली. बारीक धार मातीत पडत राहिली, आणि तो डोळे मिटून आवंढे गिळत राहिला.