फिलूला उत्तर

तीन वर्षांपूर्वी गोराईहून आलेल्या बहिणीच्या पत्राला इनासने उत्तर दिलं नव्हतं. तिच्या एकुलत्या एका मुलाने, रॉयस्टनने, जीव दिला होता, आणि फिलूने एवढंच विचारलं होतं, "दादा, तू इतकी पुस्तकं वाचलीस. माझं पोर देवाजवळ असेल ना रे?"

जीव देणं महापाप की देवाची दया त्याहून मोठी, पुस्तकांत इनासला दोन्ही बाजू सापडत गेल्या आणि पत्र तसंच राहिलं. शेवटी मरोळच्या घरात नात म्हणाली, "आजोबा, एआयला सांग ना! तुझा चहा गार व्हायच्या आत लिहून देईल."

एआयने दिलंच. देवाची दया, चर्चची शिकवण, सगळं नेटक्या मराठीत; आणि अखेरीस, 'मी रॉयस्टनसाठी रोज प्रार्थना करतो.'

"झकास! आता खाली नाव टाक."

इनासने अडखळत टाइप केलं, 'तू खरंच करतोस प्रार्थना?'

'नाही, मला प्रार्थना करता येत नाही. ते वाक्य मी तुमच्या वतीने लिहिलं आहे.'

इनासने फोन उलटा ठेवला. नोव्हेंबरमध्ये चर्चमधल्या मिस्सेच्या उपासनेत प्रार्थना व्हावी म्हणून घरातल्या मृतांची नावं लिहून फादरांकडे द्यायची असतात. दर वर्षी तो आईबाबांपासून सगळी नावं नेमाने लिहायचा. जीव दिलेल्या भाच्याचं नाव लिहायला मात्र त्याचा हात कधी धजला नव्हता.




फिलूला पोस्टाने गेलं ते पत्र नव्हतंच. यंदाच्या यादीची प्रत होती, आणि तिच्यात आईबाबांच्याही वर रॉयस्टनचं नाव होतं.